समोर दर बुधवारी घोळ

बुधवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा ती शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी होती आणि तिच्या हातात नकाशांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ग्रंथालयात वार्षिक मोजदाद चालू होती. मोजदाद म्हणजे, जी पुस्तकं वर्षभर कोणी मागितली नाहीत ती जागच्या जागी आहेत आणि जी मागितली ती नाहीत, हे अधिकृतपणे शोधून काढण्याचा आठवडा. या आठवड्यात शिडीवरून फोन घेणं नियमात बसत नाही. पण फोन बाबांचा होता, आणि न उचललेल्या फोनला बाबा गाळलेला शब्द समजत. भरून निघेपर्यंत पुन्हा पुन्हा करत.

"बसलोय मी," बाबा म्हणाले. "येतेस का?"

"बाबा, मोजदाद आहे."

"जेवायला तरी सोडतील की नाही? ये गं. आज घोळ आहे इथे."

आता इथे जरा थांबून बाबांविषयी सांगायला हवं. बाबा एका छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका लाल पेन्सिलीने शोधायच्या, हे काम. निवृत्त झाले तरी पेन्सिल निवृत्त झाली नाही. आणि त्यांचा सगळ्यात लाडका शेरा म्हणजे 'घोळ'. वाक्यातला कर्ता एका गावाला आणि क्रियापद दुसऱ्या, तर घोळ. विजेच्या बिलावर शेजाऱ्याचं नाव, घोळ. आईने डाव्या पायात स्वतःची आणि उजव्या पायात बाबांची चप्पल घातली, तर मोठा घोळ. ज्या वयात मुलं 'काऊ' आणि 'माऊ' म्हणतात त्या वयात ती 'घोळ' म्हणत असे, आणि योग्य जागी म्हणत असे.

म्हणून मुद्रितशोधकाच्या मुलीने जे म्हणावं तेच ती म्हणाली.

"मग तो निस्तरा, आणि ऊन आणखी चढायच्या आत घरी जा. पुढच्या बुधवारचं मी बघते."

पलीकडून आधी आला तो नुसता भांड्यांचा आवाज. मग बाबा हसायला लागले. साधंसुधं हसणं नव्हे. खोकला लागेपर्यंत, टेबलावर थाप मारून, शेजारच्या कुणाला तरी 'अहो ऐकलंत का' म्हणत. "निस्तरतो, निस्तरतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.

एवढं हसण्यासारखं काय झालं, असा विचार करत तिने नकाशांचं पुस्तक जागेवर आहे अशी खूण केली. ते जागेवर होतं. कारण ते कोणीच मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी पहाटे, बाबा झोपेतच गेले.

त्यानंतर महिनाभर लोक येऊन गेले आणि जे बोलायचं असतं ते बोलून गेले. ती रडली नाही असं नाही; पण फार वाचणाऱ्या माणसांची एक अडचण असते. रडू यायला लागलं की आधी त्याला योग्य शब्द सुचतो, आणि शब्द सापडेपर्यंत रडू निघून जातं. तिला छळत होता तो वेगळाच एक शब्द. बघते.

बाबा निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी संध्याकाळी विचारायचे, "उद्या बुधवार. मासे खायला येतेस?" आणि ती म्हणायची, "बघते." हा शब्द कुणी शोधला कोण जाणे, पण ज्याला 'नाही' म्हणायची लाज वाटते आणि 'हो' म्हणायचा आळस येतो अशाच कुणीतरी शोधला असणार. सहा वर्षांत ती एकदाही 'नाही' म्हणाली नव्हती. 'येते' म्हणालेलंही तिला आठवत नव्हतं.

घरात मासे नव्हतेच. आईला वास सहन होत नसे, आणि लग्नाआधीच दोघांचा करार झाला होता: त्याने मासे बाहेर खावेत आणि तीनदा हात धुऊन घरात यावं. चाळीस वर्षं बाबांनी करार पाळला. बुधवारी दुपारी ते साबणाचा दरवळ घेऊन घरी येत, आणि त्यांच्या हातात आईसाठी एक पांढरा खोका असे, हिरव्या दोऱ्याने बांधलेला. आत काहीतरी गोड, अजून कोमट. तिलाही माशांचं ज्ञान बेताचंच होतं. लग्नकार्यात कुणी पापलेट वाढलं तर खायचं, एवढंच. समुद्रावरच्या किती कादंबऱ्या वाचल्या हे ती सांगू शकली असती. समुद्रात काय असतं हे मात्र नाही.

एका रविवारी आई बाबांचे शर्ट घड्या घालत होती. एका खिशातून छोटी वही निघाली. आईने ती उघडली नाही. लेकीपुढे धरली आणि म्हणाली,

"मला ती जागा बघायची आहे."

"कुठली?"

"हे जिथे बसायचे ती. मी खाणार नाही काही. नुसती खुर्ची बघायची. चाळीस वर्षं बुधवारी दुपारी माझा नवरा कुठे असतो हे मला माहीत नव्हतं. वासाला घाबरून कधी विचारलंसुद्धा नाही."

"बघते," ती म्हणाली.

आईने वर पाहिलं. "त्यांना म्हणालीस तेवढं पुरे झालं. मला बघते नको म्हणूस."

तर अशा रीतीने ही मोहीम सुरू झाली. मोहीम म्हणावी एवढी काही ती मोठी नव्हती. आईला एका खुर्चीपर्यंत न्यायचं होतं. खुर्ची याच शहरात होती.

वहीत या समुद्रकाठच्या शहरातल्या चौदा खानावळींची नोंद होती, आणि प्रत्येकीपुढे शेरा. पत्ते असे नव्हतेच. बाबांना पत्ता म्हणजे अनावश्यक विस्तार वाटे. 'पुलाखालची — पुनरुक्ती. सगळ्यांची चव एक.' 'स्टेशनासमोरची — गाळावी.' 'बर्फाच्या कारखान्याजवळची — मसाल्याची विशेषणं फार.' 'धक्क्यावरची — विरामचिन्हं कमी. श्वास घेऊ देत नाहीत, ताट उचलतात.' आणि नवव्या पानावर: 'घड्याळाचा चौक — शुद्ध. समोर दर बुधवारी घोळ. ताजा.'

तिने रीतसर चौदा कार्डं केली. ग्रंथालयात काम करणाऱ्याला दुःखसुद्धा कार्डावर आल्याशिवाय कळत नाही. कार्डं लावता लावता एक गोष्ट लख्ख दिसली: तेरा ठिकाणी बाबांनी काही ना काही चूक काढली होती. एकाच ठिकाणी लिहिलं होतं 'शुद्ध'. मुद्रितशोधकाच्या लेखी याहून मोठी पदवी नाही. अडतीस वर्षांत एखाद्या पानावर त्यांनी हा शब्द लिहिला असेल तर तो छापखान्याने चौकटीत लावला असता. तेव्हा बाबा जात ते तिथेच, घड्याळाच्या चौकात. प्रश्न राहिला तो समोरच्या घोळाचा.

"वाहतूक," शेजारचे बोटीवाले काका म्हणाले.

काका आयुष्यभर बोटीवर होते. बोटीच्या नेमक्या कुठल्या भागात, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण समुद्र, वारा, मासे आणि परदेशी माणसांचे स्वभाव या चार विषयांत त्यांचा शब्द अखेरचा होता. वही त्यांनी चष्मा काढून, मग लावून, मग पुन्हा काढून वाचली.

"बुधवारी तिथे ट्रक लागत असणार. सगळा चौक तुंबत असणार. ताजा म्हणजे काय? अलीकडे सुरू झालेला. वहिनींचा गुडघा असा. टॅक्सी दारापर्यंत गेली पाहिजे. बुधवारी अजिबात जायचं नाही. मंगळवारी जा."

"पण बाबा बुधवारीच जायचे."

"ते चालत जायचे. चालणाऱ्याला कसला आलाय घोळ?"

हे तर्काला धरून होतं. शिवाय फोनवर बाबा म्हणालेच होते, आज घोळ आहे इथे. तिने ते काकांना सांगितलं.

"बघ! रस्ता ओलांडता येत नसणार बिचाऱ्यांना. आणि तू म्हणालीस निस्तरा." काकांनी मान हलवली. "पण आधी नगरपालिकेतून खात्री करून घे. लेखी. तोंडी माहितीवर बोट हाकणारा माणूस मी पाहिला नाही."

नगरपालिकेत तिची सकाळ गेली. रस्ते विभागाने विचारलं, घोळ रस्त्यावर आहे की कडेला? कडेला असेल तर बाजार विभाग. बाजार विभागाने विचारलं, कायमचा आहे की फिरता? आठवड्यातून एकदा असेल तर फिरता, आणि फिरत्याचं टेबल तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दोन रंगांचे अर्ज पुढे केले आणि म्हणाल्या, "तक्रार की विनंती?"

"नुसती चौकशी आहे."

"चौकशीला रंग नाही. खाली जा."

खाली चौकशीच्या खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेला एक कारकून बसला होता. पोट टेबलाला टेकलेलं, चेहरा असा की या खिडकीत आजवर कुणी चौकशी करण्यासारखं काही विचारलंच नाही.

"घड्याळाच्या चौकात दर बुधवारी घोळ असतो," ती म्हणाली. "त्याची तुमच्याकडे नोंद आहे का?"

कारकुनाने पेन खाली ठेवलं. चष्मा डोळ्यांवर आणला.

"घड्याळाच्या चौकात? नक्की?"

"वडिलांनी लिहून ठेवलंय."

"आणि मी नऊ वर्षं याच इमारतीत! दहा मिनिटांवर! मला कोणी एका शब्दाने बोललं नाही." तो खरोखरच दुखावला होता. "चौकात कुठे?"

"शुद्धच्या समोर."

"केवढा असतो?"

"तसं लिहिलेलं नाही. ताजा, एवढंच आहे."

"ताजा!" कारकून खिडकीतून पुढे झुकला. "मोठा असला तर बरं."

"मोठा बरा?"

"लहानात काही राम नसतो, बाई. मोठा असला की कसा, सगळ्यांच्या वाट्याला येतो."

ती विचारात पडली. नगरपालिकेचा हा दृष्टिकोन तिला नवीन होता. पण शहराकडे पाहिलं तर पटण्यासारखा होता.

"लोकांना त्रास नाही होत?"

"एखाद्याच्या अंगावर उठतो. बाकीचे बोटं चाटतात." कारकुनाने आवाज खाली आणला. "तुमच्या वडिलांना यातलं कळतं वाटतं?"

"अडतीस वर्षं तेच केलं त्यांनी. लांबून बघून सांगायचे, घोळ आहे म्हणून."

"लांबून?" कारकून थक्क झाला. "अशी नजर असलेला माणूस विरळा, बाई. कुठे भेटतील?"

"गेले. महिना झाला."

कारकून उठून उभा राहिला. खिडकीमुळे त्याचं डोकं दिसेनासं झालं, पण तो उभा राहिला. "फार मोठं नुकसान झालं," त्याचं पोट म्हणालं.

महिनाभरात कितीतरी लोकांनी तिचं सांत्वन केलं होतं. बाबांचं काम नेमकं कळलेला हा पहिलाच, असं तिला वाटलं, आणि तिला रडू आलं. या खेपेला शब्द सुचला नाही. कारकुनाने तिच्या कोऱ्या कागदावर शिक्का मारला, स्वतःच्या तळहातावर 'बुध. १' असं लिहिलं, आणि म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका. मी स्वतः जागेवर जाऊन पाहणी करतो."

मंगळवारी टॅक्सी निघाली. मागे आई आणि ती, पुढे बोलावलेले नसतानाही बोटीवाले काका. काकांनी टॅक्सीवाल्याला वाऱ्याची दिशा सांगितली. टॅक्सीवाल्याने ऐकून घेतली आणि नेहमीच्या रस्त्याने गेला.

चौकात ट्रक नव्हता. घोळ नव्हता. झाडाच्या फांद्यांमधून एका पाटीवर ठळक अक्षरं दिसत होती: 'शुद्ध'. पुढचं पानांनी झाकलं होतं.

"हेच," ती म्हणाली. आईने पर्समधून अत्तर लावलेला रुमाल काढला आणि नाकाला लावला. काका पुढे झाले. आत इतकी स्वच्छता होती की काकासुद्धा क्षणभर गप्प बसले. क्षणभरच. वाढपी पाणी घेऊन आला, तेव्हा काकांनी कोटाचं बटण लावलं आणि जहाजाच्या कप्तानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आज मासा कुठला?"

खानावळीत अठरा-वीस माणसं जेवत होती. सगळ्यांचे घास जिथे होते तिथे राहिले. वाढप्याने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर लिहिलं होतं, 'शुद्ध शाकाहारी. येथे इतर चौकशी करू नये.'

खरं तर इथेच उठून बाहेर पडायला हवं होतं. पण काकांचा स्वाभिमान दुखावला होता. "मासा त्यात धरत नाहीत," ते म्हणाले. "बोटीवर आम्ही धरत नव्हतो."

"इथे धरतात," वाढपी म्हणाला.

तिची मान खाली गेली होती. लोक बघत होते. आयुष्यभर ज्या मुलीने वाचनालयात मोठ्याने शिंकल्याबद्दलही माफी मागितली, तिच्याकडे वीस माणसं अशी पाहत होती की जणू तिने पिशवीतून जिवंत खेकडा काढून टेबलावर सोडला आहे. अशा वेळी माणूस शहाणपणाचं काही करत नाही. तिने वही उघडून वाढप्यापुढे धरली.

"माझे वडील मुद्रितशोधक होते. त्यांनी इथे स्पष्ट 'शुद्ध' लिहिलंय."

वाढप्याने वाचलं. "मग बरोबरच लिहिलंय की."

तिने वही मिटली. वळून पाहते तर शेजारी आई नव्हती. आई गल्ल्यापाशी उभी होती. रुमाल नाकावरून खाली आला होता. गल्ल्यावर पांढऱ्या खोक्यांची चळत होती, आणि बाजूला हिरव्या दोऱ्याचं रीळ.

"हा दोरा," आई म्हणाली.

गल्ल्यावरचे गृहस्थ साठीचे होते. त्यांनी आईकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही बुधवारच्या काकांच्या घरच्या का? दर बुधवारी पावणेदोनला यायचे. हातांचा वास घेत घेत. मला विचारायचे, 'येतोय का हो अजून?' मी म्हणायचो, 'थोडासा.' मग आमच्या नळावर पुन्हा धुवायचे. ही तिसरी वेळ, म्हणायचे. घरी करार आहे."

आईने गल्ल्याची कड धरली. "मला वाटायचं, तीनदा म्हणजे उगाच सांगतात. एकदाच धुवत असतील."

"चार-पाच बुधवार दिसले नाहीत..."

तिने सांगितलं. गृहस्थांनी बाजूचं रीळ उचललं आणि सुटलेला दोरा हळूच त्यावर गुंडाळला.

"ते यायचे कुठून?" तिने विचारलं.

"समोरून. बुधवारी तिथे घोळ असतो ना."

"त्या घोळातून ते इकडे रस्ता कसा ओलांडायचे?"

"घोळातून कशाला? घोळ खाऊन यायचे."

"घोळ... खाऊन?"

"मासा हो, ताई. घोळ मासा. हा एवढा असतो, दोघांनी उचलावा लागतो. मी नाही खात, पण तीस वर्षं समोर बसून नावं पाठ झाली. बुधवारीच येतो तिथल्या खानावळीच्या बाईंकडे."

"मला शंका होतीच," बोटीवाले काका म्हणाले. पण ते कोणी ऐकलं नाही.

ती जवळच्या खुर्चीत बसली. खुर्ची एका जेवणाऱ्या माणसाच्या टेबलाची होती. त्याने समजून घेऊन आपलं ताट थोडं बाजूला ओढलं. ये गं. आज घोळ आहे इथे. मग तो निस्तरा. आणि ते हसणं, टेबलावरची थाप, निस्तरतो, निस्तरतो. बाबा तिच्यापुढे सुट्टी आणि मोठा मासा घेऊन बसले होते, आणि तिने त्यांना चूक दुरुस्त करून घरी जायला सांगितलं होतं.

"उद्या बुधवार आहे," आई म्हणाली. आईचा आवाज बाबांसारखा वाटला.

उद्या दुपारी ग्रंथालयात मोजदादीचा अहवाल वाचायचा होता. ती फूटपाथवर गेली आणि मुख्य ग्रंथपालांना फोन केला. "सर, उद्या दुपारी मी नाही."

"अहो, अहवाल कोण वाचणार? काय झालं काय?"

खोटं सुचायच्या आत तिच्या तोंडून खरं निघून गेलं. "घोळ आहे, सर."

"मग तो निस्तरा आणि या," सर वैतागून म्हणाले.

आणि ती हसायला लागली. खोकला लागेपर्यंत, झाडाला धरून. टॅक्सीवाला बघत होता, काका बघत होते. तिला थांबता येईना. "निस्तरते, निस्तरते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. हे हसू आपण कुठे ऐकलंय, ते तिला ठाऊक होतं.

घरी आल्यावर तिने बाबांचा शब्दकोश काढला. घोळ. पहिला अर्थ कपड्याचा घेर. दुसरा गोंधळ. तिसरा एक पालेभाजी. चौथा एक मोठा समुद्री मासा. उभ्या आयुष्यात ती दुसऱ्याच्या पुढे गेली नव्हती. चौथ्यापुढे लाल पेन्सिलीचं बारीक टिंब होतं.

बुधवारी एकला पाच कमी असताना तिघं पुन्हा चौकात उतरली. समोर जाळी आणि दोरखंड विकणारं एक दुकान होतं. पाटी नव्हती. दोरखंडांच्या वेटोळ्यांमधून वाट काढत मागे जायचं. पहिल्याच वेटोळ्यात काकांचा पाय अडकला, आणि बोटीवर ते नेमकं काय करत होते याबद्दलची तिची शंका वाढली. मागे पाच टेबलं. पहिल्याच टेबलावर नगरपालिकेचा कारकून. समोर फाइल उघडी, फाइलवर ताट, चष्मा कपाळावर.

"पाहणी चालू आहे," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "तक्रारीत तथ्य आहे, बाई. शंभर टक्के."

आतून एक उंच बाई पदराला हात पुसत आल्या. खानावळीच्या मालकीणबाई. त्यांनी आधी आईच्या रुमालाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि थांबल्या.

"तुम्ही 'बघते'वाल्या ना? ग्रंथालयातल्या?"

"तुम्हाला कसं..."

"दर बुधवारी यायचे आणि म्हणायचे, आज बघते म्हणालीये. दोन खुर्च्या ठेवा." त्यांनी भिंतीकडच्या टेबलाकडे बोट केलं. दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली घडी घातलेला छापील कागद होता. कागदावर लाल खुणा. "हे टेबल हलतं म्हणून त्यांनीच घातला. म्हणाले, यात इतक्या चुका आहेत की याचा एवढाच उपयोग."

तिने बाबांचं सांगितलं. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कारकुनाचा घास थांबला.

"त्याच्या आदल्याच दिवशी आले होते म्हणजे," मालकीणबाई हळू म्हणाल्या. "दोन ताटं सांगितली होती त्या दिवशी. मुलगी येतेय म्हणाले, आज घोळ दाखवतो तिला. मग फोन केला, आणि असे हसले, असे हसले, मला वाटलं काटा अडकला. म्हणाले, 'अहो, तिला घोळ म्हणजे घोळच वाटला! माझीच शिकवण!' चारही टेबलांना सांगितलं."

"आणि दुसरं ताट?" तिने विचारलं.

"मी म्हटलं, परत नेते. तर म्हणाले, नको, तिने निस्तरा म्हटलंय. तेही खाल्लं. सगळं. रश्श्यासकट."

"म्हणून!" आई एकदम म्हणाली. "म्हणून त्या दिवशी संध्याकाळी जेवले नाहीत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, पोट शब्दशः भरलंय. आणि एकटेच हसत होते." आईने डोळे पुसले. पुसले ते रुमालाने, आणि मग तो रुमाल नाकाकडे न नेता पर्समध्ये ठेवून दिला.

आई बाबांच्या खुर्चीपाशी गेली. पाठीवरून हात फिरवला, बसली मात्र नाही. "मला बघायचीच होती," म्हणाली, आणि कारकुनाच्या टेबलाजवळचं स्टूल ओढून शेजारी बसली. एक मोठा श्वास घेतला. काका घाईने म्हणाले, "वहिनी, त्रास होत असेल तर बाहेर..."

"नाही हो," आई म्हणाली. "हा तर ह्यांचाच वास आहे. चाळीस वर्षं साबणाखालून येत होता. मला वाटायचं, ह्यांना असाच असतो."

ती दुसऱ्या खुर्चीत बसली, सहा वर्षं तिच्यासाठी ठेवलेल्या. समोरची रिकामी होती. मालकीणबाईंनी ताट आणलं. पांढरेशुभ्र जाड तुकडे, तळलेले, कडेला कुरकुरीत. बाजूला रस्सा आणि भात. ती सावकाश जेवली. वर्णन करायला शब्द सुचत होते, पण तिने त्यांना थांबायला सांगितलं. मध्येच एकदा डोळ्यांतून पाणी आलं ते तिने तसंच येऊ दिलं. काकांनी तिखटाबद्दल दोन शब्द सांगितले. कोणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

ताट उचलताना मालकीणबाई म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी येणार का, ताई? तुकडा बाजूला ठेवायचा तर आताच सांगावं लागतं. लवकर संपतो."

"बघ..." तिच्या जिभेने सवयीने सुरुवात केली.

आईने वर पाहिलं. कारकुनाने चष्मा डोळ्यांवर आणला. टेबल हललं नाही, कारण पायाखाली कागद होता. तिने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी स्पष्ट, म्हणाली,

"येते. येते, बाबा."